मदत हवी आहे: भिंतीवरील चित्रामुळे कामावरून काढलेल्या चित्रकला शिक्षकांच्या पाठीशी कसे उभे राहावे?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही तर्क करून ते लिहू नये, ही विनंती. आमच्या शाळेतील चित्रकलेच्या सरांना दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगण्यात आले. त्याला आज 19 दिवस झाले. लेखी आदेश नाही, दोषारोपपत्र नाही, चौकशी तर नाहीच.

सरांची सेवा 11 वर्षांची आहे. ते कायम शिक्षक असून त्यांच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यताही आहे, त्यामुळे परिवीक्षाधीन म्हणून काढले असे म्हणण्याची सोय संस्थेला नाही.

घडले ते असे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा आटोपल्यावर उरलेले रंग, गेरू आणि चुना घेऊन सरांनी नववीच्या मुलामुलींकडून शाळेच्या मागच्या भिंतीवर एक मोठे चित्र काढून घेतले. ही भिंत रस्त्याकडेची आहे आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांना घेऊन साखर कारखान्यांकडे निघणारे ट्रक तिच्यासमोरच भरतात. चित्रात एक पाचटाची कोपी (ऊसतोड मजुरांची झोपडी), तिच्या दाराशी गणवेशातील मुलगी, तिच्या कपाळाला मुंडावळ्या, एका हातात कंपासपेटी आणि दुसऱ्या हातात कोयता होता. मागे पार्श्वभूमी म्हणून हजेरीपटाचे चौकोन आखले होते. सुरुवातीच्या चौकोनांत ‘ह’, आणि दिवाळीपासून थेट गुढीपाडव्यापर्यंत ओळीने ‘गै’. त्यावर एकही घोषणा किंवा कोणाचे नाव नव्हते.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती बहुधा जोडीच्या हिशेबाने. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर कोवळ्या वयाच्या मुलांची लग्ने उरकली जातात. शिवाय आईबाप फडावर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्नही असतोच. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे, तरीही माझ्या वर्गाच्या पटावरील मुली दिवाळीनंतर कमी होतात आणि त्यांतल्या काही परत येत नाहीत. हे गावात कोणालाच नवीन नाही. नवीन होते ते भिंतीवर दिसणे.

संस्थाचालकांच्या नात्यात मुकादमी करणारी माणसे आहेत, यापलीकडे कारणाविषयी मी काही लिहिणार नाही. सुटीत भिंतीवर चुन्याचे दोन हात मारण्यात आले. गेरू कच्चा असल्याने मुंडावळ्यांच्या जागी अजूनही गुलाबी डाग फुटून दिसतो, आणि तो पाहायला मुले मधल्या सुटीत मागे जातात म्हणून आता तिकडचे दार बंद ठेवले जाते.

सरांना कार्यालयात बोलावून टंकलिखित राजीनामा पुढे ठेवण्यात आला आणि ‘सर, इथं सही करा अन् मोकळे व्हा, बाहेर बोभाटा नको’ असे सांगण्यात आले. त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर त्यांच्या नावासमोरची जागा कोरी सोडली जात आहे.

आता माझ्याविषयी, कारण ते लपवून मदत मागणे योग्य होणार नाही. ‘सदर चित्र विनापरवानगी काढले असून त्यामुळे शाळेची बदनामी झाली आहे’ अशा मजकुराच्या निवेदनावर शिक्षकखोलीत सर्वांच्या सह्या घेतल्या गेल्या. त्यात माझीही सही आहे. चित्र काढायला मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर तोंडी होकार दिला होता, हे ठाऊक असूनही मी सही केली. घरी दोन मुले शिकत आहेत, हे त्याचे कारण, समर्थन नव्हे.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. लेखी आदेशच नसेल तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत कोणत्या दिवसापासून धरावी? त्या निवेदनावरील सही मला मागे घेता येईल का, आणि घेतल्यास सरांना त्याचा उपयोग होईल का? मुलांनी चित्राच्या कोपऱ्यात आपापली नावे लिहिली होती. त्यांना साक्षीपुराव्यात न ओढता हे कसे करावे? काही माजी विद्यार्थी वर्तमानपत्रात बातमी द्यावी म्हणत आहेत. ती आत्ताच द्यावी की अपील दाखल झाल्यावर?

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक, परभणी)

सर्वांत आधी, सरांनी राजीनाम्यावर सही केली नाही हे फार चांगले झाले. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 याच्या कलम 7 नुसार राजीनामा कर्मचाऱ्याने स्वतः दोन प्रतींत तयार करून, दोन्हींवर सही व तारीख घालून एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे पाठवायची असते. कार्यालयात पुढे सरकवलेला कागद त्यात बसत नाही.

अपील कलम 9 खाली होते आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांची आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, परंतु त्यावर विसंबू नये. तोंडी काढल्याची तारीख हीच पहिली तारीख धरावी, म्हणजे आपल्या हातात 11 दिवस आहेत. दरम्यान सरांनी ‘अमुक तारखेपासून मला कामावर रुजू होऊ दिले जात नाही, मी काम करण्यास तयार आहे’ एवढ्याच मजकुराचे पत्र, पोच मिळेल अशा रीतीने, संस्थेला व मुख्याध्यापकांना पाठवावे आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना द्यावी. चित्र बरोबर की चूक, याची चर्चा त्या पत्रात नको.

याच कायद्याखालील 1981 च्या नियमावलीत नियम 36 व 37 प्रमाणे चौकशी समिती लागते: एक सदस्य संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने सुचविलेला आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून. कायम शिक्षकाला तिच्याशिवाय गैरवर्तनाच्या आरोपावरून काढता येत नाही. अपिलाचा कणा हा असावा. चित्राचा विषय निघालाच, तर बालविवाह प्रतिबंधाचा कायदा 2006 पासून आहे आणि गावपातळीवर त्याची जबाबदारी ग्रामसेवकावर (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सोपवलेली आहे, एवढे निदर्शनास आणावे. जे शासन सांगते तेच भिंतीवर होते.

मुलांची नावे व चेहरे कोठेही देऊ नका. बातमी अपील दाखल झाल्यावर द्या. त्याआधी दिल्यास ‘सरांनीच बदनामी केली’ हा नवा आरोप तयार होईल. आपल्या सहीबद्दल वकिलांना आधी भेटा. परवानगी आपल्यासमोर दिली गेली असेल, तर आपले शपथपत्र हा दुय्यम नव्हे, महत्त्वाचा पुरावा आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. पत्राचा मसुदा काल रात्री सरांच्या घरी बसून तयार केला. सरांनी त्यात चित्राबद्दल एक परिच्छेद लिहिला होता, तो आपल्या सल्ल्याप्रमाणे काढायला लावला. त्यांना ते जड गेले. आज तालुक्याच्या पोस्टातून तिन्ही पाकिटे गेली. छत्रपती संभाजीनगर येथील एका वकिलांची शनिवारची वेळ मिळाली आहे आणि मीही सरांबरोबर जाणार आहे. चुना मारण्यापूर्वी मी मोबाइलवर काढलेला फोटो तारखेसह शाबूत आहे, मात्र त्यात कोपऱ्यातील मुलांची नावे वाचता येतात. ती झाकून केलेली प्रत पुरावा म्हणून चालते का, की मूळ फोटोच द्यावा लागतो, हे कोणी शनिवारच्या आत सांगू शकल्यास उपकार होतील.