जीनोमचा डेटा: लॅबचा सर्व्हर की क्लाउड?

परळची_बायोइन्फो:
गेल्या जुलैत आमच्या सर्व्हर-रूमचा एसी रात्री बंद पडला आणि चाळीस नमुन्यांचं व्हेरियंट कॉलिंग, म्हणजे डीएनएतले फरक शोधायचं काम, अर्ध्यावर मेलं. तीन आठवडे गेले. एका माणसाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ३०एक्सने (प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा) वाचला, तर कच्चा डेटाच शंभर जीबीच्या आसपास भरतो. किती डिस्क लावत बसणार? क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधली, पन्नास मशीन रात्रभर भाड्याने घ्या, सकाळी बंद करा. नवा सर्व्हर घेण्याला माझा ठाम विरोध आहे.

डोंबिवली_फास्ट:
बंद कोण करणार? आमच्याकडे एक विद्यार्थी मशीन चालू ठेवून गणपतीला गावी गेला. रिएजंटसाठी, म्हणजे प्रयोगाच्या रसायनांसाठी, ठेवलेले पैसे बिलात गेले. डेटा चढवायला पैसे पडत नाहीत, खाली उतरवायला पडतात. ग्रँट तीन वर्षांची, पुढचं साठवणुकीचं भाडं कोण भरणार? सर्व्हर निदान आपला राहतो.

परळची_बायोइन्फो:
खर्च वाढला की इशारा देणारा बजेट अलर्ट लावायचा, जुना डेटा आर्काइव्हमध्ये, म्हणजे स्वस्त साठवणीत, टाकायचा. स्पॉट मशीन, म्हणजे कंपनीकडची रिकामी पडलेली मशीन, खूप स्वस्त पडते. ती मध्येच काढून घेतली, तरी नेक्स्टफ्लो हे काम टप्प्याटप्प्याने चालवणारं सॉफ्टवेअर झालेले टप्पे पुन्हा करत नाही.

समुपदेशक_ताई:
तुम्ही दोघं पैशांवरच बोलताय. संमतीपत्र पेशंटला मी वाचून दाखवते. आमच्या पत्रात लिहिलंय, ‘माहिती रुग्णालयातच राहील.’ एखाद्या पेशंट बाईत बीआरसीए१ या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकात दोष सापडला, तर तो तिच्या बहिणीत, मुलीतही असू शकतो. त्यांना कुणी विचारलं? नाव खोडलं म्हणून जीनोम निनावी होत नाही. १९५२मध्ये याच शहरात बॉम्बे रक्तगट सापडला. इतकं दुर्मिळ काही अंगात असलं, की लहान समाजात माणूस लगेच ओळखू येतो.

परळची_बायोइन्फो:
ताई, ॲमेझॉनची डेटा सेंटर २०१६पासून मुंबईतही आहेत, डेटा देशाबाहेर न्यायची गरज नाही. आणि लॅबमधून पेन ड्राइव्हवर कोण काय नेतं, याची नोंद आहे आपल्याकडे? क्लाउडवर फाइल कुणी उघडली, ते नोंदवता येतं.

समुपदेशक_ताई:
पेन ड्राइव्हचं मान्य. पण डेटा ऐरोलीत आहे की अमेरिकेत, हा माझा प्रश्नच नाही. आपण पेशंटला शब्द दिलाय.

डोंबिवली_फास्ट:
जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाचे १०,००० भारतीयांचे जीनोम फरीदाबादच्या सरकारी केंद्रात ठेवलेत. तशी सोय रुग्णालयांना मिळाली, तर मीही सर्व्हरचा हट्ट सोडेन.

परळची_बायोइन्फो:
ताईंचं पटलं. सोमवारी एथिक्स कमिटीकडे नवं संमतीपत्र पाठवते. क्लाउडवर फक्त पुढचे नमुने, जुने चाळीस सर्व्हरवरच.

डोंबिवली_फास्ट:
मग त्या खोलीसाठी दुसरा एसी आजच मागा.