जोशीकाकांचा कोर्दोब्याचा दिवस

जोशी काका (सी-201): नमस्कार मंडळी 🙏 ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे माद्रिदला जातोय, व्हिसा हातात आला. एक दिवस मोकळा मिळतोय. लेक म्हणते टोलेडो करा, जावई म्हणतात कोर्दोबाला जाऊन ती मशिदीत बांधलेली चर्चची इमारत बघा. कुणी गेलंय का? खरंच एवढं आहे का त्यात? आणि पायऱ्या किती? हिच्या गुडघ्यांचं सगळ्यांना माहीत आहेच.

सुवर्णा (ए-304): अरे वा काका! फोटो टाका हं.

अनघा देवधर (बी-702): कोर्दोबा. विचारच करू नका. माद्रिदहून वेगवान गाडीने पावणेदोन तास, सकाळी निघून रात्री जेवायला घरी. टोलेडो सुंदर आहे, पण सगळं चढ-उताराचं गाव, काकूंना त्रास होईल. मेस्किता (तुमचे जावई म्हणतात तीच इमारत, स्पॅनिशमध्ये मेस्किता म्हणजे मशीद) आतून सपाट आहे. मनोऱ्यावर चढायचं असेल तरच पायऱ्या, त्याचं तिकीट वेगळं असतं, ते घेऊच नका.

पाटील (डी-101): *फॉरवर्ड केलेला मेसेज* हागिया सोफिया आधी चर्च होतं, नंतर मशीद केली. स्पेनमध्ये बरोबर उलटं झालं. इतिहास हिशेब चुकता करतोच!! पुढे पाठवा.

शिंदे, सेक्रेटरी: पाटील, ग्रुपवर धर्म आणि राजकारण नको असं ठरलंय. काकांनी पायऱ्या विचारल्यात.

मुकादम (बी-103): शिंदेसाहेब, त्या इमारतीतून धर्म वगळला तर नुसते खांब उरतील. बोलू द्या, भांडत नाही कुणी.

अनघा देवधर (बी-702): खांब उरले तरी मी जाईन 😀 काका, थोडं लांबलचक लिहिते, दुपारी निवांत वाचा.

ही मशीद बांधायला घेतली 785 च्या सुमारास, पहिल्या अब्द अल-रहमानने. तो दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्या खलिफांच्या घराण्यातला. 750 साली प्रतिस्पर्धी अब्बासी घराण्याने त्यांची कत्तल केली, हा तरुण वाचला आणि उत्तर आफ्रिकेतून लपतछपत स्पेनला पोचला. तिथे स्वतःचं राज्य उभारलं आणि म्हातारपणी मशीद. आता एवढ्या मोठ्या दालनाला खांब आणायचे कुठून? आसपासच्या जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांच्या आधी तिथे राज्य करणारे) इमारतींतून उचलून आणले. कुणी काळा, कुणी गुलाबी, कुणी पीळदार. उंचीही सारखी नाही आणि मुळात सगळे बुटके. त्यांच्यावर थेट छत टाकलं असतं तर आत गुदमरायला झालं असतं. म्हणून खांबावर एक कमान, मग मधे मोकळी जागा, आणि तिच्यावर दुसरी कमान. खालची कमान नुसती हवेत ताणलेली, वरची छत तोलते. एक थर लाल विटेचा, एक पांढरट दगडाचा. जुन्या मालाची अडचण झाली नसती तर ही दुहेरी कमान कुणाला सुचलीच नसती, असं मला वाटतं.

आज 856 खांब आहेत, मुळात हजाराच्या वर होते. आणि छताच्या पन्हाळी त्या वरच्या कमानींवरून नेल्यात, पावसाचं पाणी तिथूनच वाहून जातं.

शिंदे, सेक्रेटरी: आणि आपल्या गच्चीचं पाणी बी-विंगच्या लिफ्टमध्ये उतरतं. त्या मिस्त्रीचा नंबर मिळेल का?

मुकादम (बी-103): बाराशे वर्षांपूर्वी वारला, साहेब.

जोशी काका (सी-201): 😂 पण अनघा, त्याच्याही आधी तिथे चर्च होतं म्हणतात ना? जावई तसं म्हणत होते.

पाटील (डी-101): तेच तर. चर्च पाडलं, मशीद बांधली. मग त्यांनी परत घेतली. मी काय वेगळं म्हटलं?

अनघा देवधर (बी-702): पाटील दादा, गोष्ट अशी सांगतात की तिथे सेंट व्हिन्सेंटचं चर्च होतं, सुरुवातीला दोन्ही धर्मांच्या लोकांनी ती जागा अर्धी-अर्धी वापरली, आणि मग अब्द अल-रहमानने ख्रिश्चनांना पैसे देऊन त्यांचा अर्धा भाग विकत घेतला. पण हे सगळं बऱ्याच नंतरच्या इतिहासकारांनी लिहिलंय, आणि दमास्कसच्या उमय्या मशिदीबद्दलची गोष्ट जवळजवळ शब्दाला शब्द अशीच आहे. म्हणून काही अभ्यासकांना ती तिकडून उचललेली वाटते. जमिनीखाली जुनं बांधकाम नक्की सापडलंय, मशिदीच्या फरशीत एका ठिकाणी काच बसवलीय, खाली मोझेक दिसतं. ते चर्चचं की आणखी कशाचं, यावर पुरातत्त्ववाले अजून भांडतात. तुमच्या फॉरवर्डला मात्र काहीच शंका नाही.

लोपीस सर (ए-501): दमास्कसचा विषय निघाला म्हणून. तिथल्या मशिदीत आमच्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची समाधी आहे, त्याचं शिर तिथे पुरलंय अशी श्रद्धा आहे.

मुकादम (बी-103): आमचे हजरत याह्या. तेच ते.

लोपीस सर (ए-501): हो. 2001 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे गेले होते. मशिदीत पाऊल टाकणारे पहिले पोप.

अनघा देवधर (बी-702): आणि कोर्दोबाचा मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, बघाल तेव्हा हे आठवा. दहाव्या शतकात खलिफा दुसऱ्या अल-हकमने मशीद वाढवली, तेव्हा मेहराबासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने कारागीर आणि मोझेकचे तुकडे पाठवले असं अरब इतिहासकार लिहून गेलेत. निळ्या-सोनेरी काचेत कुराणाच्या आयती. बायझंटाइन चर्चमध्ये जे सोनं दिसतं, तेच हे काम. तिथे कठडा आहे, गर्दी असते, पण घाई करू नका.

सुवर्णा (ए-304): उद्या सकाळी 10 ते 1 टाकी साफ होणार आहे का? नोटीस बोर्डवर काहीच नाही.

शिंदे, सेक्रेटरी: परवा.

मुकादम (बी-103): काका, मी मर्चंट नेव्हीत होतो तेव्हा जहाज अल्जेसिरासला लागलं होतं, तिथून गेलो होतो. दोन गोष्टी सांगतो. आत शिरताना पुरुषांना टोपी काढायला सांगतात, कारण ते आता कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे. जन्मभर मशिदीत जाताना खिशातली टोपी बाहेर काढली, इथे डोक्यावरची खिशात घातली. गंमत वाटली. दुसरं, किब्ल्याची भिंत, म्हणजे नमाजात जिच्याकडे तोंड करतात ती, मक्केच्या दिशेची. स्पेनमधून मक्का पूर्वेच्या अंगाला, जराशी दक्षिणेकडे. ही भिंत त्यापेक्षा बरीच दक्षिणेकडे वळलेली आहे. मी जहाजावरचा माणूस, दिशा आधी बघतो! कुणी म्हणतं दमास्कसची आठवण म्हणून, कारण दमास्कसहून मक्का दक्षिणेलाच. कुणी म्हणतं जुन्या रोमन रस्त्यांची आखणीच तशी होती.

जोशी काका (सी-201): तुम्ही नमाज पढलात का तिथे?

मुकादम (बी-103): नाही. तिथे मुसलमानांना सामूहिक काय, एकट्यालाही नमाजाची परवानगी नाही, हे ठाऊक होतं, म्हणून गेलो ते बघायलाच गेलो. 1933 मध्ये कवी इक्बालना परवानगी मिळाली होती, त्यांचा तिथला फोटोही प्रसिद्ध आहे. पुढे स्पेनमधल्या मुस्लिम संघटनांनी चर्चकडे बरेचदा मागितली, नकारच आला. 2010 मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या मुस्लिम पर्यटकांतल्या काहींनी आत नमाज सुरू केली, झटापट झाली, दोघांना अटक झाली. माझं मत विचाराल तर रोज पहाटे पाच जणांना एका कोपऱ्यात पढू दिलं असतं तर चर्चचं काही बिघडलं नसतं. पण घर त्यांचं आहे आज. जबरदस्तीने पढलेल्या नमाजात मला तरी गोडी वाटली नसती.

लोपीस सर (ए-501): मुकादम, मी कॅथलिक असून तुमच्याशी सहमत आहे. आणि घर कुणाचं यावरही वाद आहेच. 2006 मध्ये तिथल्या धर्मप्रांताने इमारत स्वतःच्या नावावर नोंदवली, नोंदणीचा खर्च फक्त 30 युरो. स्पेनमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. चर्चचं म्हणणं, 1236 पासून अखंड आमच्या ताब्यात आहे, रोज मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक प्रार्थना, होते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा साऱ्या जनतेचा ठेवा आहे.

शिंदे, सेक्रेटरी: 30 युरोत नोंदणी?? आपलं कन्व्हेयन्स अजून अडकलंय.

अनघा देवधर (बी-702): आता कॅथेड्रलबद्दल, कारण काका, आत फिरताना तुम्ही तिथे येऊन एकदम थबकाल. 1236 मध्ये राजा तिसऱ्या फर्नांडोने शहर घेतलं आणि मशिदीला चर्च म्हणून पवित्र केलं. पण तेव्हा पाडलं काही नाही. जवळजवळ तीनशे वर्षं त्याच खांबांमध्ये छोटी छोटी चॅपेल (प्रार्थनेच्या खोल्या) बसवत राहिले. 1371 चं राजघराण्याचं चॅपेल तर अशा नक्षीचं आहे की ते ख्रिस्ती राजाने करून घेतलंय हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मग 1523 मध्ये बिशप मानरिकेने ठरवलं की मधोमध मोठं कॅथेड्रल हवं. विरोध कुणी केला? कोर्दोबाच्या नगरपालिकेने, म्हणजे ख्रिस्ती लोकांनीच! जो कारागीर पाडकामाला हात लावेल त्याला मृत्युदंड, अशी दवंडी पिटवली. प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलं, त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे स्वतः बघितल्यावर तो म्हणाला म्हणतात की तुम्ही कुठेही बांधता येईल असं काहीतरी बांधलंत आणि जगात एकच होतं ते मोडलंत. हे वाक्य प्रत्येक गाईड ऐकवतो, पण तो खरंच असं बोलला याला पुरावा नाही.

हर्नान रुईझ, मग त्याचा मुलगा, मग नातू, अशा तीन पिढ्या त्या कामावर होत्या. मला विचाराल तर वाईट वाटतं. अंधाऱ्या बुटक्या कमानींतून चालत असता आणि मधेच छत एकदम आभाळात जातं, पांढराशुभ्र उजेड अंगावर येतो. मोडतोड आहे, यात वाद नाही. पण रुईझ मंडळींनी नव्या भिंतींचा भार पेलायला आजूबाजूच्या मशिदीच्या कमानी ठेवून दिल्या, त्या आजही टेकू देतात. आणि मधे कॅथेड्रल असल्यामुळेच उरलेली मशीद पुढच्या शतकांत कुणी पाडली नाही, असंही बरेच इतिहासकार मानतात. मनोऱ्याचंही तेच. 1589 च्या वादळात तो खिळखिळा झाला, तेव्हा पाडण्याऐवजी त्याच्याभोवती घंटेचा मनोरा बांधून काढला. जुना मिनार आत आहे अजून.

पाटील (डी-101): म्हणजे ज्यांनी तोडलं त्यांनीच वाचवलं, असं?

अनघा देवधर (बी-702): असंच. चीडही येते आणि आभारही मानावेसे वाटतात, एकाच माणसाचे.

लोपीस सर (ए-501): घंटांवरून एक राहिलं. 997 मध्ये कोर्दोबाचा वजीर अल-मन्सूर उत्तरेला चाल करून गेला, सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र लुटलं आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या. मशिदीत त्यांचे दिवे केले. 1236 मध्ये फर्नांडोने त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यावरून सान्तियागोला परत पाठवल्या, असं बखरी सांगतात. हे वाचलं तेव्हा मला आमची वसई आठवली. 1739 ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि चर्चच्या घंटा हत्तीवरून देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराची आहे.

पाटील (डी-101): नारोशंकराची घंटा चर्चची??

लोपीस सर (ए-501): पोर्तुगीज घंटा आहे, पाटील. जवळून बघा.

पाटील (डी-101): माझं आजोळ नाशिकचं. गोदावरीचा पूर नारोशंकराच्या घंटेला लागला की आजोबा म्हणायचे, आता सामान माळ्यावर चढवा. मला हे माहीतच नव्हतं. तुम्हाला राग नाही येत, सर?

लोपीस सर (ए-501): किल्ल्यातली आमची सातही चर्च ओस पडून ढासळली, झाडं उगवलीत भिंतींत. घंटा मात्र अजून वाजतायत. राग कशाचा धरू?

जोशी काकू (सी-201): मी सगळं वाचलं हो. छान माहिती. पण तिथे शाकाहारी काय मिळतं ते कुणीच सांगत नाहीये.

अनघा देवधर (बी-702): काकू, वांग्याचे काप! खरंच. पातळ काप पिठात घोळवून तळतात आणि वरून उसाची काकवी सोडतात. सालमोरेहो म्हणून थंडगार टोमॅटोचं दाट सूप असतं, त्यात पाव वाटलेला असतो; वर अंडं आणि डुकराचं मांस भुरभुरतात म्हणून ऑर्डर देतानाच 'सिन हामोन, सिन उएवो' म्हणा.

जोशी काकू (सी-201): काकवी? मग जाऊ या.

सुवर्णा (ए-304): पण ती मशीद 2025 मध्ये जळली होती ना? बातमी बघितल्याचं आठवतंय.

अनघा देवधर (बी-702): ऑगस्टमध्ये आग लागली होती. एका बाजूच्या चॅपेलचं छत कोसळलं, तिथे सफाईची यंत्रं आणि खुर्च्या ठेवायचे. अग्निशमनवाल्यांनी पसरू दिली नाही, दुसऱ्या दिवशी पर्यटकांसाठी उघडलं.

शिंदे, सेक्रेटरी: बघा. सी-विंगच्या मीटर रूममध्ये कुणाचे तरी पुठ्ठे आणि गाद्या आहेत. रविवारपर्यंत उचलल्या नाहीत तर भंगारवाल्याला देणार.

जोशी काका (सी-201): गाद्या आमच्या आहेत, उद्याच काढतो. बरं, कोणता वार धरू?

अनघा देवधर (बी-702): रविवार नको, मिस्सेमुळे मधले काही तास बंद असतं. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असतं, पण माद्रिदहून त्या वेळेला पोचायचं तर काकूंना पहाटे उठवावं लागेल. त्यापेक्षा तिकीट काढा, अधिकृत साइटवरूनच. संत्र्यांच्या झाडांचं अंगण फुकट आहे, आधी तिथे बसा. आणि जवळच यहुद्यांची जुनी वस्ती आहे, 1315 चं छोटं सिनेगॉग, जमलं तर दहा मिनिटं.

जोशी काका (सी-201): मग बुधवार ठरला. मुकादमभाई, मेहराबासमोरून तुम्हाला व्हिडिओ कॉल करतो.

मुकादम (बी-103): साडेतीन तासांचा फरक आहे. तिथे अकरा म्हणजे इथे अडीच, मी जेवून झोपलेला असतो. तिथल्या साडेबाराला करा. आणि आत मोठ्याने बोलू नका, बाहेर अंगणातून लावा.