हेल्पर, युटिल, मिडलवेअर, कॉन्फिग : कुठला शब्द कुठे?

प्रश्न : नवीन येणाऱ्यांसाठी आमच्या बॅकएंड कोडची मराठीत ओळख लिहिते आहे. 'हेल्पर फंक्शन'ला 'साहाय्यक फलन' आणि 'कॉन्फिगरेशन'ला 'संरूपण' लिहिलं तर चालेल का? आणि हेल्पर नि युटिल (युटिलिटी फंक्शन) यांत खरंच काही फरक आहे का?

उत्तर : 'फलन' नको. गणितातलं फलन एका आदानाला एकच उत्तर देतं. कोडमधलं फंक्शन डेटाबेसात नोंद घालून काहीच परत न देताही संपतं. 'साहाय्यक फंक्शन' लिहा, पुढे सरळ 'हेल्पर'. 'संरूपण'शी वाचणारा अडखळतो. 'कॉन्फिग' सगळ्यांच्या तोंडी आहे.

हेल्पर आणि युटिल यांतला फरक नियमाचा नाही, वापरातला आहे. मी तो असा पाळतो : दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पात जसंच्या तसं नेता येतं ते युटिल, उदाहरणार्थ तारीख आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिहून देणारं फंक्शन. आपल्या एपीआयच्या (इतर प्रोग्राम ज्यातून आपल्या सर्व्हरशी बोलतात त्या दाराच्या) रीती ज्याला ठाऊक आहेत तो हेल्पर. पानांचा हिशोब करणारा हेल्पर घ्या. तिसरं पान, पानाला २० नोंदी, म्हणजे ऑफसेट (सुरुवातीच्या किती नोंदी सोडायच्या तो आकडा) ४०. कुणी शून्यावं पान मागितलं तर उत्तर येतं उणे २०, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस उणे ऑफसेट स्वीकारत नाही. तेव्हा पान किमान १ आणि नोंदींना कमाल मर्यादा, हे दोन्ही त्या हेल्परातच हवं; प्रत्येक एंडपॉइंटात (एपीआयच्या एकेका पत्त्यात) वेगळं नको. काही चुकलं तर ते कळवणारं उत्तर (एरर रिस्पॉन्स) घडवणारा हेल्परही असाच. त्याच्यासाठी आरएफसी ९४५७ (२०२३) या इंटरनेट मानकात टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स अशी घरं नेमून दिलेली आहेत, ती वापरा.

मिडलवेअरची गल्लत मात्र होऊ देऊ नका. हा शब्द १९६८च्या गार्मिश इथल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेच्या अहवालात सापडतो, तिथे त्याचा अर्थ वेगळा होता. आज वेब फ्रेमवर्कमध्ये विनंती ज्या थरांतून ओळीने जाते ते थर म्हणजे मिडलवेअर. हेल्परला आपण बोलावतो, मिडलवेअरला फ्रेमवर्क बोलावतं. म्हणूनच मिडलवेअरचा क्रम बदलला की वागणूक बदलते.

प्रश्न : मग 'कॉन्फिग' कशाला म्हणायचं? आमच्याकडे त्या फाइलीत स्टेटस कोडही (विनंतीचं काय झालं ते सांगणारे आकडे, जसं 'सापडलं नाही'साठी ४०४) आहेत.

उत्तर : ते बाहेर काढा, ते स्थिरांक (कधीच न बदलणाऱ्या किमती) आहेत. ४०४ सगळीकडे ४०४च असतो. जे चाचणीच्या आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर वेगळं असतं ते कॉन्फिग : पोर्ट, डेटाबेसचा पत्ता, टाइमआउट. हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून, ऑपरेटिंग सिस्टिममार्फत दिलेल्या किमतींतून) येतं तेव्हा किंमत नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच असते. 'फॉल्स' असा मजकूर पायथनमध्ये थेट बूलला (खरं-खोटं ठरवणाऱ्या फंक्शनला) दिला तर तो ट्रू ठरतो, कारण रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग ट्रू. बंद ठेवलेला डीबग मोड असाच चालू होऊन बसतो. कॉन्फिग वाचणाऱ्या फंक्शननं सुरुवातीलाच प्रकार तपासावेत, आणि आवश्यक किंमत नसेल तर तिचं नाव सांगून सर्व्हर तिथेच थांबवावा.

प्रश्न : आणि पासवर्ड, एपीआय की?

उत्तर : येतात त्याच वाटेनं, पण ओळखीत त्यांना 'गुपितं' असा वेगळा मथळा द्या. कॉन्फिग लॉगमध्ये (सर्व्हरच्या कामाच्या नोंदीत) छापलं तर चालतं, गुपितं छापली तर ती बदलावीच लागतात.