डब्यातलं डेकबिल्डिंग खोटं म्हणे!

खेळिया: काल इथे एकाने लिहिलं, ‘पत्ते जमवणं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी डॉमिनियन. घरी बसून डेक बांधला नाही तर ते डेकबिल्डिंगच नव्हे.’ डॉमिनियनमध्ये सगळे पत्ते एकाच डब्यात येतात आणि खेळता खेळताच टेबलावरच्या गठ्ठ्यांतून पत्ते विकत घेत आपला डेक, म्हणजे स्वतःचा पत्त्यांचा संच, बांधायचा असतो. रात्रभर डोक्यात तेच वाक्य. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी नऊ वर्षं मॅजिक, म्हणजे बंद पाकिटांतून पत्ते जमवून घरी डेक बांधायचा खेळ, खेळलो. 60 पत्त्यांचा डेक, एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती, आणि त्या चार हाताला लागेपर्यंत पाकिटं फोडत बसायचं. शेवटच्या स्पर्धेत समोरच्याने जो पत्ता टाकला तो मी तोवर फक्त फोटोत पाहिला होता. हरलो, ठीक. पण घरी येऊन आपली चूक शोधायची सोडून, तो पत्ता कुणाकडे सुटा मिळेल हे शोधत बसलो. स्वतःचीच लाज वाटली. सगळं विकलं. 2008 चा डॉमिनियनचा डबा त्यानंतर घरात आला. 25 प्रकारांतले 10 मांडायचे, म्हणजे 32,68,760 मांडण्या. कमी पडतात का?

उलटा पत्ता: ते वाक्य माझंच आणि मी ते मागे घेत नाही. आकडा तोंडावर फेकून काय होतं? टेबलावरचे 10 गठ्ठे दोघांना सारखेच. तू उचलतोस तेच मी उचलतो. याला खरेदी म्हणतात. रात्री दोन वाजता 61 वा पत्ता कोणता काढायचा म्हणून स्वतःशी भांडणं, ती मजा डब्यात येत नाही.

खेळिया: सारखेच? चॅपल हा पत्ता घे. किंमत 2, दर वेळी हातातले चारपर्यंत पत्ते कायमचे बाद. एकजण सुरुवातीलाच ते घेऊन कॉपर आणि इस्टेट, म्हणजे सगळ्यांना सुरुवातीला मिळणारी हलकी नाणी आणि नाणी न देणारे गुणांचे पत्ते, जाळत सुटतो. दुसरा काहीही न जाळता सिल्व्हर-गोल्ड ही मोठी नाणी घेत राहतो. अर्ध्या डावात दोघांचे डेक शेजारी ठेव, एकाच डब्यातून निघालेत यावर विश्वास बसणार नाही. आणि तुझं रात्री दोनचं भांडण? ते इथे समोरचा बोटं वाजवत बसलेला असताना करावं लागतं.

पाच-दोन: कौशल्याच्या बाता मारण्याआधी सुरुवात बघा. प्रत्येकाला 7 कॉपर, 3 इस्टेट, म्हणजे पहिल्या दोन पाळ्यांना पाच-पाचचे दोन हात. बहुतेक वेळा नाणी 4-3 पडतात, पण सहा डावांत सरासरी एकदा 5-2. पाच किमतीचा पत्ता भारी असला की 5-2 वाला तिथेच पुढे. आमच्याकडे तो नेहमी माझा भाऊच असतो.

पिसून थकलो: मूळ मुद्दा राहू द्या. या खेळात जितकं खेळतो त्याहून जास्त पिसतो, त्यावर कुणी बोलत का नाही? डेक छोटा, दर दोन-तीन पाळ्यांनी पिसा. आमच्या सेटातल्या कॉपरच्या कडा काळवंडल्यात. एक मित्र गठ्ठ्याची कड बघून पुढच्या हातात किती कॉपर ते सांगतो.

उलटा पत्ता: हा हा. ‘सगळ्यांना सारखे पत्ते’!

खेळिया: पत्त्यांना प्लास्टिकच्या स्लीव्ह घाला ना.

पिसून थकलो: 500 पत्त्यांना? घातल्या होत्या. मग डब्यातल्या खाचांत गठ्ठे बसेनात, झाकण बोटभर वर.

खेळिया: ट्रे फेकून द्या.

पिसून थकलो: ट्रे फेकून द्या म्हणे! मांडामांड तू करायला येणार आहेस का?

पाच-दोन: कड बघून खेळणारा मित्र सरळ सरळ फसवतोय. आधी त्याला फेका.

पिसून थकलो: त्याच्यावर जाऊ नका. तोच एकटा वेळेवर येतो.

तिसरी प्रत: मधला मार्ग होता की. 2012 चा ‘अँड्रॉइड: नेटरनर’ हा खेळ. पाकिटात काय निघेल ही भानगड नाही, आणि डेक घरी बांधायचा. पण नियमाने तीन प्रती चालायच्या आणि कोअर सेटमध्ये, म्हणजे मूळ डब्यात, सगळ्या पत्त्यांच्या तीन नसायच्या. लोक तीन-तीन कोअर घ्यायचे! 2018 ला अधिकृत छपाईच थांबली. त्यापेक्षा मॅजिकचा क्यूब करा. 360 पत्ते एकदाच निवडायचे, आठ जणांत 45-45 ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने एकेक उचलायचे, मग 40 चा डेक. संपला विषय.

उलटा पत्ता: क्यूब मान्य. डब्याला डेकबिल्डिंग म्हणायचं तर असलं म्हणा. फक्त ते 360 आधी कुणीतरी जमवलेले असतात, हे गुपचूप गिळू नका.

खेळिया: मान्य केलंस! तारीख लिहून ठेवतो.

पाच-दोन: कॉपरचं सोपं आहे. डब्यात 60 असतात, चौघांना सुरुवातीला 28 लागतात. उरलेल्या 32 मधून घ्या.

पिसून थकलो: मग बाकीचे मळके आणि कॉपर चकचकीत. मित्राची सोयच.

पाच-दोन: तर मग फक्त कॉपरनाच स्लीव्ह घाला, खर्च कमी.

पिसून थकलो: घातल्या होत्या. दोन डाव झाल्यावर लक्षात आलं.