पॅसिव्ह मार्जिनचा थ्रस्ट बेल्ट होतो तेव्हा भ्रंश कुठे फुटतात?

समुद्रकाठ, मुंबई
घाटात जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेल फ्लेक्शरपासून (पनवेलजवळ थर वाकतात तो पट्टा) पश्चिमेला समुद्राकडे कलतात. म्हणजे आपण पॅसिव्ह मार्जिनवरच, खंड तुटून तयार झालेल्या आणि आता शांत असलेल्या किनाऱ्यावर, बसलो आहोत. असा किनारा टक्करीत सापडला तर रिफ्टिंगच्या (खंड ताणून फाटण्याच्या) वेळचे नॉर्मल फॉल्ट, म्हणजे ताणाने खचलेले भ्रंश, उलटे सरकतात की नवे थ्रस्ट, म्हणजे दाबाने खडक वर चढवणारे कमी कलाचे भ्रंश, फुटतात? एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हिमालयातल्या स्पितीचा छेद रिस्टोअर करायचा, म्हणजे घड्या-भ्रंश उलगडून थर मूळ जागी न्यायचे, आहे. डिटॅचमेंटची (वरचे थर ज्या पातळीवरून सुटून सरकतात तिची) खोली कशी काढायची?

थरवाचक
दोन्ही घडतं, पण नवे थ्रस्ट जास्त. नॉर्मल फॉल्टचा कल साधारण 60 अंश असतो. आडव्या दाबाखाली इतका उभा भ्रंश सहजी सरकत नाही, त्यातल्या पाण्याचा दाब बराच वाढला तर उलटतो. एरवी थ्रस्ट त्याला अडून वर चढतो, नाहीतर त्याच्या फूटवॉलचा (भ्रंशाखालच्या खडकाचा) कोपरा कापून पुढे जातो.

मात्र थ्रस्ट कोणत्या पातळीवरून धावणार हे गाळ साचतानाच बरंचसं ठरलेलं असतं. रिफ्टिंगमध्ये कवच ताणून पातळ होतं, ग्राबेनमध्ये (भ्रंशांमधल्या खचलेल्या खोलगटात) जाडाभरडा गाळ साचतो, कधी मीठही. खंड तुटल्यावर तळ थंड होत कोट्यवधी वर्षं खचत राहतो आणि समुद्राकडे जाड होत जाणारी गाळाची पाचर तयार होते. टक्करीत ती मिठावरून किंवा शेलवरून सोलली जाते. मऊ थरात थ्रस्ट सपाट धावतो, चुनखडीत रॅम्प करून (थर तिरके कापत) चढतो. तळाशी मीठ असेल तर पट्टा रुंद आणि सपाट होतो: पाकिस्तानातल्या पोटवारमध्ये भूपृष्ठाचा उतार 1 अंशाच्या आसपास आहे, मीठ नसलेल्या तैवानमध्ये सुमारे 3.

छेदरेषा
खोलीसाठी आधी थराची मूळ पातळी आखा. घडीमुळे त्या पातळीच्या वर आलेलं क्षेत्रफळ भागिले आखडलेलं अंतर, म्हणजे त्या पातळीपासून डिटॅचमेंटची खोली. 6 चौ. किमी भागिले 2 किमी, म्हणजे 3 किमी. पण थर घडी पडण्याआधी स्वतःतच दाबला गेला असेल, तर थराच्या लांबीवरून काढलेलं अंतर कमी भरतं आणि डिटॅचमेंट खोटीच खोल दिसते.

पिन लाइन (जिथून लांबी मोजायची ती स्थिर रेषा) न दुमडलेल्या भागात घ्या आणि छेद थ्रस्टच्या सरकण्याच्या दिशेतच काढा. सगळ्यात जास्त घोळ जाडीत होतो. मार्जिनचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा धरला की रिस्टोअर केलेल्या छेदात फटी पडतात. आधी पाचरीचा साचा काढा, मग तुकडे मागे सरकवा. स्पितीचे थर टेथिस या नाहीशा झालेल्या समुद्राच्या किनाऱ्याचे आहेत, पण मेन सेंट्रल थ्रस्ट या हिमालयातल्या मोठ्या भ्रंशाखालचे लेसर हिमालयातले खडक बहुतांश प्रोटेरोझोइक, म्हणजे त्याहून कितीतरी जुने, आहेत. त्यांना त्याच साच्यात कोंबू नका.

समुद्रकाठ, मुंबई
मग उद्या मुंबई हायचा पट्टा दाबला गेला, तर सोलण कुठे होईल?

थरवाचक
बेसॉल्टच्या वरच्या पन्ना फॉर्मेशनमधल्या शेलवर माझी पहिली नजर जाईल. ते पॅलिओसीन ते पूर्व इओसीन काळातले आहेत आणि त्यांच्यावर चुनखडीची जाड रास आहे. पण हे शेल सगळीकडे सलग नाहीत. उंचवट्यांवर ते पातळ होतात, तिथे थ्रस्टला वरचा शेल शोधावा लागेल. छेदात रॅम्प आधी तिथेच काढून बघा.