मदत हवी आहे: महिन्यातले बारा दिवस फिरती, गोल्फचा हात कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. कोळसा खाणी आणि स्टील प्लान्टना कन्व्हेयर बेल्टचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे. महिन्यातले बारा-तेरा दिवस बाहेर जातात: बिलासपूर, रायपूर, जमशेदपूर, कोलकाता, अधूनमधून हैदराबाद. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४३व्या वर्षी गोल्फ शिकायला लागलो. हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) २४ पर्यंत खाली आणला आणि दीड वर्ष तो तिथून हललेला नाही.

कारण फिरती, याबद्दल आता मला शंका नाही. नागपुरात असलो की साडेपाचला कोर्सवर हजर असतो. उन्हाळ्यात आठनंतर उभं राहवत नाही. काळी माती तडकलेली असते, चेंडू फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पडला की डांबरावर आपटल्यासारखा उसळून पुढे पळतो. माझे कॅडी (बॅग घेऊन सोबत चालणारे) वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) ते माझ्या मागे उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "साहेब, डावीकडे दोन बोटं, अन् हळू सोडा." त्यांची दोन बोटं कधी चुकत नाहीत. असे सलग आठ दिवस मिळाले की हाताला आपोआप कळायला लागतं. नेमकं तेव्हाच तिकीट आलेलं असतं. दहा दिवसांनी परत येऊन सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याची काठी) हातात घेतला की पहिले वीस चेंडू गवतातून सरपटत जातात.

माझ्या अडचणी अशा:

क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, सोबत न्यावेत का? मागच्या हिवाळ्यात पूर्ण सेट विमानाने हैदराबादला नेला होता. परत आल्यावर घरी चेन उघडली तर ड्रायव्हरचं (लांब फटक्याच्या क्लबचं) डोकं मानेपासून तुटून कव्हरच्या आत सुटं पडलेलं. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला होता. काउंटरवर सांगितलं की बॅग मऊ होती, जबाबदारी तुमची. विमान कंपनीचं नाव इथे घेत नाही, भांडायचं नाही, पुन्हा तसं होऊ नये एवढंच.

दुसरं, परक्या शहरात कोर्सवर प्रवेश कसा मिळवायचा? एकदा असाच सकाळी एका क्लबच्या फाटकाशी गेलो. रखवालदाराने विचारलं, "कोणत्या मेंबरचे पाहुणे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मागे फिरलो.

आणि तिसरं, हॉटेलच्या खोलीत काही करता येतं का?

एक आधीच सांगतो. क्लायंटबरोबर खेळा, धंदा वाढेल, हा सल्ला ऑफिसात भरपूर मिळाला आहे. मला ते नको आहे. दिवसभर भाव आणि डिलिव्हरीच्या तारखांवर बोलणं चालूच असतं. सकाळचे दोन तास माझे एकट्याचे असावेत, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद १

भाऊ, मी पण नागपूरचाच, अन् दहा वर्षांपासून हेच करून राहिलो. पहिले तर पूर्ण सेट नेणं बंद करा. नियमात बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब म्हटलं आहे, कमीत कमी किती हे कुठंच नाही. मी सातच नेतो: पाच नंबरचा वूड, एक हायब्रिड, सात अन् नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर (ग्रीनवर चेंडू हळू ढकलायचा क्लब). हलक्या बॅगेत सगळं मिळून पाच-सहा किलो होते. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो चेक-इन मिळते, म्हणजे कपड्यांना जागा उरते. पण तिकिटात नग किती धरले आहेत ते आधी पाहा, अन् काही कंपन्या खेळाच्या सामानाचे वेगळे पैसे घेतात. केबिनमध्ये क्लब नेऊ देत नाहीत, त्या भानगडीत पडू नका.

आता तुटण्याचं. ड्रायव्हर सगळ्यांत लांब असतो, म्हणून बॅग वरच्या टोकावर आपटली की सगळा मार तो खातो. त्याच्यापेक्षा दोन-तीन इंच लांब मजबूत काठी बॅगेत मधोमध उभी ठेवा. मी पोछ्याचा जुना दांडा कापून घेतला आहे. मार काठीवर जाते. डोकं काढता येणारा ड्रायव्हर असेल तर ते पान्याने काढून मोज्यात गुंडाळा अन् सुटकेसमध्ये कपड्यांत ठेवा. बाकीच्या डोक्यांभोवती टॉवेल गच्च बांधा, आत काहीच हलायला नको.

जमशेदपूरला मात्र गाडीनेच जा. सेकंड एसीत ५० किलोपर्यंत सामान मोफत चालते, बॅग खालच्या बर्थखाली आडवी सरकते, अन् तिला कोणी फेकत नाही.

प्रतिसाद २

मी पुण्याहून लिहितो आहे. फाटकावर जाऊन काम होत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडचे जुने क्लब मेंबरांचे असतात. आधी तुमच्या क्लबच्या सेक्रेटरींना विचारा की कोणकोणत्या क्लबांशी संलग्नता आहे. असेल तर ओळखपत्र आणि पत्र घेऊन जायचं. नसेल तरी आठवडाभर आधी तिथल्या सेक्रेटरींना ईमेल करा: मी अमुक क्लबचा सदस्य, हँडिकॅप इतका, प्रमाणपत्र जोडलं आहे, अमुक दिवशी सकाळी नऊ होल खेळायचे आहेत, पाहुण्यांची ग्रीन फी (खेळण्याचं शुल्क) किती? शनिवार-रविवार मागू नका. बरेच कोर्स सोमवारी देखभालीसाठी बंद असतात, तेही विचारून घ्या. कॉलरचा टी-शर्ट आणि मऊ स्पाइकचे बूट हवेतच. कॅडी बहुतेक ठिकाणी घ्यावाच लागतो, आणि परक्या ग्रीनवर तोच तुमचा आधार.

हैदराबादला जातच आहात तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातल्या कोर्ससाठी एकदा तरी लिहाच. तटबंदीच्या सावलीत खेळायला मिळतं. कोलकात्यात रॉयल कलकत्ता आहे, १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा आजही चालू असलेला सगळ्यांत जुना गोल्फ क्लब. तिथे मात्र ओळखीशिवाय वेळ घालवू नका, शहरातली एखादी रेंज (फटक्यांच्या सरावाची जागा) शोधा.

प्रतिसाद ३

खोलीत पूर्ण स्विंग करू नका, मी छताचा दिवा फोडला आहे. पटर आणि दोन चेंडू पुरतात. गालिच्यावर नाणं ठेवायचं आणि सहा फुटांवरून चेंडू त्यावरून न्यायचा, सलग दहा वेळा. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दुसरं म्हणजे दोन्ही काखांत हॉटेलचा टॉवेल आडवा धरून, हातात क्लब न घेता, अर्धा स्विंग. टॉवेल पडला म्हणजे हात अंगापासून सुटले. तुमचे चेंडू सरपटतात त्यामागे हेच असू शकतं. मी रोज रात्री पंधरा मिनिटं करते. परत आल्यावर पहिला दिवस वाया जात नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. जमशेदपूरचा दौरा आजच संपवून आलो, म्हणून लगेच लिहितो. गाडीने गेलो, सातच क्लब नेले. आमच्या सेक्रेटरींनी पत्र दिलं, आणि तिथल्या बेल्डीह कोर्सवर गुरुवारी सकाळी नऊ होल खेळलो. एकटाच होतो. नवव्या ग्रीनवर तिथल्या कॅडीने उजवीकडे वीतभर दाखवलं, मला ते जास्त वाटलं, तरी ऐकलं. चेंडू वळून आत गेला.

टॉवेलचा सराव चार रात्री केला. आज संध्याकाळी इथे रेंजवर वीसपैकी सहाच चेंडू सरपटले. डाव्या काखेतला टॉवेल अजून निसटतो. तो क्लब मागे नेताना निसटतो की खाली आणताना, हे कसं ओळखायचं? फोनने बाजूने व्हिडिओ घ्यावा की समोरून?

आणि बिलासपूरच्या आसपास कुणी खेळलं असेल तर जरूर लिहा, २० तारखेला निघायचं आहे.