ग्वाल्हेर: परीक्षेच्या मधल्या सुट्टीत आई येतेय, एका दिवसात काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरला इंजिनिअरिंग शिकतो, हॉस्टेलवर असतो. सेमिस्टरच्या परीक्षा चालू आहेत. एक पेपर शुक्रवारी, पुढचा मंगळवारी, तोही मॅथ्सचा. आणि नेमकी या मधल्या शनिवार-रविवारी मिरजेहून आई येतेय. जूनमध्ये बाबांचं ऑपरेशन आहे, मग तिला घर सोडता येणार नाही. त्यामुळे 'नंतर ये' असं मी म्हणणार नाही.

आई गाणं शिकवते, ग्वाल्हेर गायकी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, ती विद्या आपल्याकडे घेऊन गेले आणि मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापुढे शिकायला बसले, हे क्लासला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला ती सा लावायच्या आधी सांगते. पण ग्वाल्हेर तिने अजून पाहिलेलं नाही. फोनवर म्हणते, "तू अभ्यास कर रे, मी खोलीत वाचत बसेन." इतक्या लांब येऊन तिने खोलीत बसायचं, हे मला मुळीच नकोय.

शनिवारी सकाळी फिरायचं, उन्हाच्या वेळी लॉजवर मी गणितं सोडवायची आणि तिने आराम करायचा, संध्याकाळी पुन्हा थोडं बाहेर, असं ठरवलंय. रविवार अभ्यासाला.

किल्ला सोडावा का? तिचे गुडघे दुखतात. उरवाईच्या बाजूने गाडी वर जाते, पण मानमंदिर, सास-बहू, तेली मंदिर एवढं पाहायचं तर मे महिन्यात पायपीट फार होईल. चतुर्भुज मंदिरातला इ. स. 876 चा शून्याचा शिलालेख मला तिला फार दाखवायचा होता. त्यात कोरलेल्या 270 या आकड्यातलं शून्य अगदी आजच्यासारखं गोल आहे. पण ते मंदिर पायी चढायच्या वाटेवर आहे.

तानसेनच्या समाधीपाशी सावली असते का? कृष्णराव शंकर पंडितांच्या घराण्याचं शंकर गांधर्व महाविद्यालय (1914 चं) बाहेरच्या माणसाला पाहता येईल का? आणि लष्कर भागात स्वच्छ, तळमजल्यावर खोली मिळेल असं लॉज कुणी सुचवेल का?

---

प्रतिसाद:

किल्ला या खेपेला सोडच. मेमध्ये दगड इतका तापतो की मंदिरात अनवाणी पाय ठेववत नाही.

सकाळी सातच्या आत हजीऱ्याला पोच, तानसेनची समाधी त्याच भागात आहे. समाधी लहानशी आहे, शेजारची सूफी संत मुहम्मद घौसची कबर मोठी. तिच्या दगडी जाळ्यांतून सकाळचं ऊन आत येतं, तिथे आईंना निवांत बसू दे. समाधीजवळ चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणून गाणारे आवर्जून दोन पानं तोंडात टाकतात. आईंनाही ते माहीत असेल.

तिथून नाश्त्याला बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि भाजी खा आणि थेट खोलीवर जा. संध्याकाळी जिवाजीगंजातलं सरोद घर बघा. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं घर आहे ते, आता वाद्यांचं संग्रहालय झालंय. वेळ आधी फोनवर विचारून घे. मग महाराज बाड्याचा चौक, आणि नयाबाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू. जयविलास राजवाड्याच्या मागे लागू नकोस, तिथे जिने आणि दालनं संपत नाहीत. विद्यालयाचं मी चौकशी करून सांगते, सुट्ट्यांचे दिवस आहेत.

लॉजचं मात्र राहू दे. आम्ही लष्करातच राहतो, खालची खोली रिकामी आहे. तू रविवारी अभ्यास कर, आईंना आमच्याकडे सोड. संध्याकाळी आम्ही चार-पाच जणी गायला बसतो. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते. आईंची गायची पट्टी (पेटीवरचा सा) काळी चार की पांढरी पाच तेवढं विचारून कळव, म्हणजे तंबोरे लावून ठेवीन.